जंतू आधी चाचपतो, मग खर्च करतो

‘डाक्टरसाहेब, पोटात ग्यास होऊन रायला.’ आपल्या वाशीम जिल्ह्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकावे लागते याची मोजदाद नाही. छातीत जळजळ, करपट ढेकर, पोट फुगणे, पाठीत चमक, डोके जड होणे, एवढेच काय पण रात्री झोप न लागणे, हे सगळे आपल्याकडे ‘गॅस’ या एकाच शब्दात बसवले जाते. त्यावरचे औषधही ठरलेले असते. शेजारच्याला लागू पडलेली कॅप्सूल मेडिकलमधून आणायची आणि रोज सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची, आठ दिवस नव्हे तर वर्ष वर्ष. मध्येच जुलाब झाले की त्याच दुकानातून दोन प्रतिजैविकांच्या गोळ्या. थांबले की बंद.

वाचकहो, या सवयीवर मला आज लिहायचे आहे. पण नेहमीसारखा उपदेश न करता जरा वेगळ्या वाटेने जाऊ. ज्या जंतूंच्या नावाने आपण ही औषधे गिळतो, ते जंतू स्वतःचा संसार कसा चालवतात ते पाहू. त्यासाठी मी उदाहरण निवडले आहे ते गॅसचेच, म्हणजे हायड्रोजनचे. विषय थोडा शास्त्रीय आहे, पण आपल्या शेतापासून आपल्या जठरापर्यंत पोचणारा आहे.

प्रथम गॅस म्हणजे काय ते पाहू. ढेकरेतून वर येतो तो बहुतांशी आपणच घाईघाईत जेवताना गिळलेला वारा असतो. खालच्या बाजूने जो जातो, त्यात हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही लोकांत मिथेन असतो. यातला हायड्रोजन माणसाच्या शरीराची कोणतीही पेशी तयार करीत नाही. तो सगळा मोठ्या आतड्यातील जिवाणूंचा माल. हरभरा, तूर, चवळी, सोयाबीन यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या पचवणारे पाचकद्रव्य माणसाच्या आतड्यात नसते. त्यामुळे त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तेथील जिवाणू त्या आंबवतात. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्या पोटात दुधाच्या साखरेचे हेच होते. तयार झालेल्या हायड्रोजनचा काही भाग रक्तात विरघळतो, फुप्फुसांपर्यंत जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. दूध पिण्यास देऊन नंतर श्वासातील हायड्रोजन मोजण्याची तपासणी मोठ्या शहरांत होते, ती याच तत्त्वावर.

आता मजा पाहा. आपल्या दृष्टीने हा नकोसा वारा. पण अनेक जिवाणूंच्या दृष्टीने ते उत्तम इंधन आहे. आपण चुलीत जसे सरपण घालतो, तसे हे जिवाणू हायड्रोजन ‘जाळून’ त्यातून शक्ती मिळवतात. त्यासाठी त्यांच्याकडे एक खास एन्झाइम असते. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. या विकराचे नाव हायड्रोजनेज. केंब्रिजच्या मार्जरी स्टीफनसन आणि स्टिकलंड यांनी १९३१ साली जिवाणूंमध्ये ते दाखवून दिले व त्याला हे नाव दिले. हायड्रोजनचा रेणू फोडायचा, त्यातले इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे आणि शक्ती तयार करणाऱ्या साखळीत सोडायचे, हे त्याचे काम. जिवाणूंत याचे जे रूप सर्वत्र आढळते, त्याच्या गाभ्यात एक अणू निकेलचा आणि एक अणू लोखंडाचा असतो. लोखंडाला कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड चिकटवलेले असतात. आपल्याला मारणारी दोन विषे हा जंतू यंत्राचे सुटे भाग म्हणून वापरतो!

असे यंत्र फुकटात उभे राहत नाही. मुख्य प्रथिने वेगळी, निकेल आत आणणारी वेगळी, ते जागेवर बसवणारी वेगळी, अशी डझनाहून अधिक जनुके एका विकरासाठी राबतात. जनुक म्हणजे जीन. प्रथिन कसे बनवायचे याची ती लेखी कृती होय. जिवाणूजवळ हजारो कृती लिहिलेल्या असतात, पण साठवणीची जागा नसते. त्यामुळे कोणती कृती केव्हा काढायची आणि केव्हा मिटून ठेवायची, यावरच त्याचे जगणे-मरणे अवलंबून असते. जनुके अशी ‘चालू-बंद’ होतात हे फ्रान्सच्या जेकब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये मांडले आणि १९६५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घ्या. ऑटो स्टार्टर काय करतो? तिन्ही फेज आल्या आहेत का ते पाहतो, मगच मोटार सुरू करतो. पाणी संपले आणि मोटार कोरडी फिरू लागली, की ती बंद करणारी पेटीही मिळते. जिवाणूत हायड्रोजनेजसाठी नेमका असाच स्टार्टर बसवलेला असतो. तो तीन गोष्टी पाहतो. हायड्रोजन आहे का? ऑक्सिजन पुरेसा कमी आहे का? आणि यंत्र बांधायला निकेल हाताशी आहे का? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली तरच जनुके जोरात वाचली जातात.

हे पाहायला फार दूर जायला नको. आपल्या जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. रिसोड असो की मंगरूळपीर, पावसाळ्यात जिकडे पाहावे तिकडे तेच. फुलोऱ्याच्या सुमारास एखादे झाड मुळासकट हलक्या हाताने उपटा. मुळांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी दिसतील. गाठ नखाने फोडा. आतून लालसर गुलाबी असेल तर ती काम करते आहे असे समजा. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या चुलतभावाचा. गाठीच्या आत ब्रॅडीरायझोबियम जातीचे जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला नत्र देतात आणि झाड त्यांना साखर पुरवते. नत्र बांधणारे विकर ऑक्सिजन लागताच बिघडते, म्हणून लेगहिमोग्लोबिन आतील मोकळा ऑक्सिजन अगदी कमी राखते.

या व्यवहारात एक गळती आहे. नत्र बांधताना दर खेपेस हायड्रोजनही तयार होतो. सगळे अगदी सुरळीत चालले तरी इलेक्ट्रॉनांचा निदान एक चतुर्थांश भाग त्यात जातो. सोयाबीनच्या गाठींतून हायड्रोजन बाहेर पडतो हे १९५७ मध्ये अमेरिकेत दिसून आले होते. पुढे १९७६ साली ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या शुबर्ट आणि इव्हान्स यांनी दाखवले, की बऱ्याच शेंगवर्गीय पिकांत निम्म्याच्या आसपास शक्ती या वाटेने वाया जाते. म्हणजे झाडाने उन्हात राबून केलेली साखर वाऱ्यावर गेली. पण काही ब्रॅडीरायझोबियमजवळ हायड्रोजनेजची जनुके असतात. ते सुटलेला हायड्रोजन पुन्हा पकडतात आणि त्यातून शक्ती परत मिळवतात. उसाच्या गुऱ्हाळात चिपाडच पुन्हा चुलाणात घालतात, तसा हा प्रकार. सगळ्याच वाणांच्या जिवाणूंत ही सोय नसते. अनेकांत ती जनुकेच नसतात.

याच जिवाणूत जनुकांचा स्टार्टर कसा चालतो ते शास्त्रज्ञांनी बारकाईने पाहिले आहे. जिवाणू मातीत सुटा असताना एक ‘वास घेणारे’ प्रथिन काम करते. त्याची घडण हायड्रोजनेजसारखीच, पण ते स्वतः इंधन जाळण्याच्या कामाचे नाही. हायड्रोजन आला का एवढे पाहून आत वर्दी देते. वर्दी मिळाली की दुसरे प्रथिन जनुकांच्या उंबरठ्यावर बसते आणि वाचन सुरू होते. मातीत दुसरे भरपूर खाद्य असेल तर हे काम मागे पडते. आयता गूळ समोर असताना चिपाड कोण वाळवत बसेल? मात्र तोच जिवाणू गाठीत शिरला की स्टार्टर बदलतो. तेथे ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारी वेगळी साखळी सूत्रे हाती घेते. नत्राची जनुके तिच्याच इशाऱ्यावर जागी होतात आणि हायड्रोजनेजचीही. हायड्रोजन जेथे तयार होणार, तेथे तो पकडणारे यंत्र त्याच वेळी उभे राहते. घर बदलले, नियम बदलला, पण ‘आधी मोजा’ ही शिस्त तीच.

मातीतील दुसऱ्या एका जिवाणूत, राल्स्टोनियात, बर्लिनच्या लेन्झ आणि फ्रीड्रिक यांनी १९९८ मध्ये ही व्यवस्था उलगडली. तेथे जनुके सुरू करणारे प्रथिन तयारच बसलेले असते. पण हायड्रोजन नसताना त्याच्यावर दुसऱ्या प्रथिनाचा ब्रेक असतो. हायड्रोजन आला की वास घेणारे प्रथिन तो ब्रेक सोडवते. उतारावर उभ्या असलेल्या बैलगाडीच्या चाकाखालचा दगड काढावा तसे. काही मातीतले जंतू तर उपासमारीच्या वेळी हवेतला हायड्रोजनही खातात. हवेच्या दहा लाख भागांत तो जेमतेम अर्धा भाग असतो. असे विकर नेमके कसे चालते, हे ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली त्याची घडण उलगडून दाखवले. पोट भरलेले असताना हे उद्योग तो जंतू करीत नाही.

आता शेतातून पोटात येऊ. आम्ही एम.बी.बी.एस. करीत होतो तेव्हा जठराच्या अल्सरचे कारण अजून ‘हरी, वरी आणि करी’ असे सांगितले जाई, म्हणजे घाई, काळजी आणि तिखट रस्सा. त्याच काळात हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव पुस्तकांत शिरू लागले होते. ऑस्ट्रेलियाच्या रॉबिन वॉरन यांनी १९७९ मध्ये जठराच्या अस्तरावर हा वाकडा जंतू पाहिला, बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो वाढवून दाखवला आणि लोक विश्वास ठेवीनात म्हणून १९८४ मध्ये स्वतःच त्याचे मिश्रण प्याले. त्यांच्या जठराला सूज आली. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकले. २००५ साली वॉरन व मार्शल यांना नोबेल मिळाले. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू असतो. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर त्रास होत नाही. काहींना अल्सर होतो आणि थोड्यांना पुढे कर्करोग.

जठरातील आम्लात हा जगतो कसा? एक युक्ती सर्वज्ञात आहे. त्याच्याजवळ युरिएज नावाचे विकर असते. ते युरियापासून अमोनिया करून भोवतालचे आम्ल मारते. पण खातो काय? याचे एक उत्तर अमेरिकेतील ओल्सन आणि मायर यांनी २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दिले. हा जंतू हायड्रोजन खातो. मोठ्या आतड्यातील सज्जन जिवाणूंनी तयार केलेला हायड्रोजन रक्तातून जठराच्या अस्तरापर्यंत पोचतो. उंदरांच्या जठरात मोजला, तेव्हा तो या जंतूला लागतो त्याच्या दहा ते पन्नास पट निघाला. ज्या जंतूंचे हायड्रोजनेज काढून टाकले होते, त्यांना उंदराच्या जठरात बस्तान बसवणे फार जड गेले. पॉटच्या या जंतूचा स्टार्टर मात्र थोडा वेगळा आहे. त्याचे हायड्रोजनेज कधी पूर्ण बंद नसते, मंद आचेवर सुरूच असते; हायड्रोजन मिळाला की ते पाचपट होते. युरिएज आणि हायड्रोजनेज या दोन्हींना निकेल लागते, म्हणून निकेलवर नजर ठेवणारे एक प्रथिन त्याच्याजवळ आहे. निकेल जास्त झाले की ते आत आणण्याचे दार बंद करते आणि युरिएजचे काम वाढवते. किराणा दुकानदाराच्या गल्ल्यावर इतका चोख हिशेब सापडायचा नाही.

दुसरे उदाहरण साल्मोनेलाचे. टायफॉइड याच कुळातला जंतू घडवतो. याच्या एका भावाकडे, जो उंदरांना टायफॉइडसारखा आजार देतो, हायड्रोजन खाणारी तीन हायड्रोजनेज असतात. तिन्ही काढून टाकली तेव्हा त्याची उंदीर मारण्याची ताकदच गेली, असे २००४ मध्ये आढळले. २०१३ साली झुरिचच्या संशोधकांनी दाखवले, की आतड्यातील नेहमीच्या जिवाणूंनी केलेला हायड्रोजन वापरूनच हा घुसखोर सुरुवातीला पाय रोवतो.

हे वाचून कोणी म्हणेल, मग डाळी बंद करू, म्हणजे हायड्रोजनच होणार नाही आणि जंतू उपाशी मरतील. तसे मुळीच करू नका. डाळी आणि भाजीपाल्यातील चोथा आतड्याच्या आरोग्याला आवश्यक आहे, आणि आतड्यातील नेहमीचे जिवाणू बाहेरच्यांना सहसा जागाच देत नाहीत. १९५४ सालीच प्रयोगात दिसले होते, की स्ट्रेप्टोमायसिन देऊन उंदराच्या आतड्यातील वस्ती उठवली, तर साल्मोनेलाचे अगदी थोडे जंतूही त्याला आजारी पाडतात. राखणदाराला हाकलून चोराला वाट मोकळी करण्यासारखे ते आहे. दुसऱ्या टोकाला, हल्ली ‘हायड्रोजनयुक्त पाणी’ म्हणून महागड्या बाटल्या आणि यंत्रे विकायला येतात. एक लिटर पाण्यात साध्या दाबाला जेमतेम १८ ते २० मिलिलिटर हायड्रोजन विरघळतो. आपले मोठे आतडे दिवसाला याच्या कितीतरी पट हायड्रोजन फुकट तयार करते. त्यावर पैसे घालवण्यापूर्वी एवढा हिशेब लक्षात असू द्या.

आता माझे म्हणणे सांगतो. डोळ्यांना न दिसणारा जंतू इंधन आहे की नाही हे पाहिल्याशिवाय एक विकर तयार करीत नाही. आपण मात्र जठरात काय बिघडले आहे हे न पाहता वर्षभर आम्ल बंद करणारी कॅप्सूल घेतो. जंतू जे करतो ते शहाणपणाने नव्हे, लक्षावधी वर्षांच्या निवडीने. जे उधळे होते ते टिकले नाहीत. पण माणसाला तर तपासणी करून औषध घेण्याची बुद्धी आहे आणि सोयही आहे. तपासणीआधी औषध ही आपली उलटी रीत बदलली पाहिजे.

यात नुसत्या पैशाचा प्रश्न नाही. जो स्टार्टर हायड्रोजन ओळखतो, तशाच प्रकारचे स्टार्टर औषध ओळखण्यासाठीही असतात. गळू-फोडे करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूच्या अनेक वाणांत पेनिसिलिन ओळखणारे प्रथिन असते. पेनिसिलिन आले की ते वर्दी देते आणि पेनिसिलिन तोडणारे विकर तयार होऊ लागते. औषध गेले की उत्पादन कमी. म्हणजे आपण औषधाची चाहूल देतो आणि तो ढाल काढतो. दोन दिवस दोन गोळ्या घेऊन थांबलो, तर कमकुवत जंतू मरतात, ढालवाले मागे राहतात आणि त्यांचाच वंश वाढतो. हेलिकोबॅक्टरची तऱ्हा आणखी वेगळी. मेट्रोनिडाझोल हे औषध जंतूच्या आत गेल्यावर त्याच्याच एका विकरामुळे विषारी बनते. ज्या जंतूंत त्या विकराचे जनुक बिघडलेले असते, त्यांना औषध बाधत नाही. जुलाबासाठी आपल्याकडे हे औषध आणि त्याची भावंडे फुटाण्यासारखी खाल्ली जातात. मग भारतातील हेलिकोबॅक्टर या औषधाला मोठ्या प्रमाणात दाद देत नाही, याचे आश्चर्य का वाटावे? उद्या खऱ्या अल्सरच्या रुग्णाला तेच औषध द्यायची वेळ येते, तेव्हा ते हातून गेलेले असते.

यावर लोकांचे म्हणणे मला ठाऊक आहे. ‘डॉक्टरसाहेब, तपासणीला पैसे लागतात, दुर्बिणीसाठी अकोल्याला जावे लागते, मजुरीचा दिवस बुडतो. कॅप्सूल मात्र इथेच मिळते.’ हे खोटे नाही. पण गॅसच्या प्रत्येक तक्रारीला दुर्बिणीची गरज नसते. तरुण माणूस, नुकतीच सुरू झालेली जळजळ, वजन ठीक, रक्त ठीक, तर जेवणाच्या वेळा, तंबाखू, चहा आणि रात्री उशिराचे जेवण सुधारून थोड्या दिवसांची कॅप्सूल पुरते. तपासणी हवी ती ठराविक लोकांना. ज्यांना पूर्वी अल्सर झाला आहे, ज्यांच्या घरात जठराचा कर्करोग झाला आहे, ज्यांची तक्रार महिनोनमहिने हटत नाही, ज्यांचे रक्त कारण न कळता कमी होते, आणि ज्यांना कंबर-गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागणार आहेत. हा शेवटचा गट आपल्याकडे मोठा आहे. निंदणी-सोंगणी करणाऱ्या बाया दुखण्याची गोळी रोज घेतात आणि वर गॅसची. दुखण्याच्या गोळ्या आणि हा जंतू एकत्र आले की अल्सरचा धोका वाढतो.

दुर्बिणीशिवायही हेलिकोबॅक्टर ओळखता येतो. शौचाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून जंतूचे प्रतिजन पाहता येते. मोठ्या शहरांत युरियाची श्वासतपासणी होते. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी स्वस्त वाटते. पण जंतू गेल्यावरही ती बराच काळ होकारार्थी राहते, त्यामुळे बरे झाले का हे तिच्यावरून कळत नाही. माझ्या मते शौचाची ही तपासणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मोफत झाली पाहिजे. वर्षानुवर्षे वाटल्या जाणाऱ्या आम्लाच्या गोळ्यांच्या खर्चातून काही भाग जरी इकडे वळवला तरी पुष्कळ होईल. ही मागणी वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे करावी, केवळ डॉक्टरांनी नव्हे.

तोपर्यंत घरी पाळण्यासारख्या काही गोष्टी देतो :

१. हरभरा, चवळी, सोयाबीन रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात शिजवा. पोट फुगवणाऱ्या साखरा काही प्रमाणात पाण्यासोबत जातात.

२. दूध प्याल्यावर पोट गुडगुडत असेल तर दही-ताकाने फरक पडतो का ते पाहा. दर वेळी तो जंतूचा आजार नसतो.

३. आम्लाची कॅप्सूल स्वतःच्या मनाने दोन आठवड्यांपेक्षा अधिक घेऊ नका. त्यानंतरही त्रास असेल तर कारण शोधायला हवे.

४. हेलिकोबॅक्टरची शौच किंवा श्वासतपासणी करायची असल्यास आम्लाची कॅप्सूल दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात. नाही तर जंतू असूनही अहवालात ‘नाही’ येऊ शकतो. पण औषध बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरला विचारा.

५. जंतू सापडला आणि उपचार सुरू झाला, तर सांगितलेला कोर्स, बहुधा चौदा दिवसांचा, एकही खेप न चुकवता पूर्ण करा. नंतर निदान चार आठवड्यांनी पुन्हा तपासा.

६. साध्या पातळ जुलाबात पहिले औषध म्हणजे मीठ-साखरेचे पाणी, ओआरएस. लहान मुलांना सोबत झिंक. रक्त पडत असेल, ताप असेल किंवा मूल मलूल झाले असेल तर मात्र लगेच डॉक्टरकडे न्या.

७. काळे डांबरासारखे शौच, रक्ताची उलटी, वजन घटणे, घास अडकणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला ‘गॅस’ यांपैकी काही असेल तर थांबू नका.

आणि एक गोष्ट मी या सदरात वारंवार सांगत आलो आहे, ती आजही सांगतो. छातीत मधोमध दडपण येऊन घाम सुटला, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत गेले, तर ‘गॅस धरला’ म्हणून सोडा पिऊन घरी पडून राहू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो आणि त्यात प्रत्येक मिनिट मोलाचे असते. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. ईसीजी काढायला पाच मिनिटे लागतात. तो निर्मळ निघाला आणि डॉक्टरने तपासून खात्री केली, की मग गॅसचा विचार करायला सगळा दिवस मोकळा आहे.

शेतकरी वाचकांसाठी जाता जाता दोन शब्द. सोयाबीनला युरिया जास्त दिला तर मुळांवर गाठी कमी होतात. झाडही आयते नत्र मिळाले की जिवाणूंना साखर देत बसत नाही. पुढच्या हंगामात बियाण्याला आधी बुरशीनाशक आणि नंतर रायझोबियम लावा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. फुलोऱ्यात एक झाड उपटून गाठ फोडून पाहा. लाल दिसली तर युरियाची पिशवी दुकानातच राहू द्या. आधी बघायचे आणि मग पैसे घालायचे, ही रीत आपल्याला पिकाच्या बाबतीत ठाऊकच आहे. पोटाच्या बाबतीतही तीच लावू या.